साहेबाच्या समुद्रातला नारळ

सौदीत, बुरैद्याला येऊन आठवडा झाला नसेल, सासूबाई गच्चीवरून खाली आल्या आणि मला म्हणाल्या, "गो, चारय बाजूंनी बघून इलंय. दर्यो काय खंय गावलो नाय."

मी भाकऱ्या थापत होते. म्हटलं, "आई, इथे दर्या कुठल्याच बाजूला नाही. दिवसभर गाडी हाणली तर लागतो."

त्या मटकन खुर्चीत बसल्या. देवगडच्या बाजूच्या गावातली बाई ती. परसदारी समुद्र, पुढच्या दारी समुद्राचा रस्ता. माणसं वाळवंटात येऊन राहतात हे त्यांना माहीत होतं, पण वाळवंट म्हणजे समुद्र नसलेली जागा, हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. व्हिजिट व्हिसावर तीन महिन्यांसाठी आल्या होत्या आणि त्या तीन महिन्यांत नारळी पुनव येत होती. खरी भानगड तिथे होती.

मी सांगलीची. आमच्याकडे नारळी पौर्णिमा म्हणजे नारळीभात आणि राखी, विषय संपला. कोकणात लग्न होऊन गेले तेव्हा कळलं की हा सण समुद्राचा असतो. संध्याकाळी अख्खा गाव वाजत गाजत किनाऱ्यावर जातो, सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ पाण्याला देतात आणि मग होड्या बाहेर काढतात. प्रत्येक होडीवाल्या घराचा एक नारळ. सासरे होते तोवर आमच्या घराचा नारळ त्यांनी आणि सासूबाईंनी जोडीनं सोडला. सासरे गेले तापानं, घरात, अंथरुणावर. समुद्राचा त्यात काडीचा दोष नव्हता. पण त्या वर्षापासून सासूबाईंनी नारळाला हात लावला नाही. कागद आणायचा त्यांनी, भात करायचा त्यांनी, ताट सजवायला दुसऱ्या कुणाला बसवायचं आणि किनाऱ्यावर गेलं की सगळ्यांच्या मागे, सुरूच्या झाडांपाशी उभं राहायचं. होडी आता पुतण्या चालवतो, म्हणून नारळही तोच सोडतो.

लग्नाच्या पहिल्याच वर्षी मी विचारलं होतं, "आई, तुम्ही मागे का?" मी तोंडाची फटकळ, नव्या नवरीनं काय विचारावं काय नाही याचं भान मला तेव्हाही नव्हतं आणि आताही नाही. त्यांनी मला असं काही गप्प केलं, की गावातल्या बायकांनी केलं असतं तर मी भांडले असते. विधवेनं शुभकार्याला हात लावू नये हे गावानं त्यांना सांगायची वेळच आली नाही. त्याच सगळ्यांत कडक होत्या.

त्यांचं एकच मागणं होतं. आपल्या पोटच्या मुलाच्या हातानं एकदा तरी नारळ सुटावा. मुलगा म्हणजे माझा नवरा, एकुलता एक. तो बुरैद्याच्या खजुराच्या कोल्ड स्टोरेजमध्ये इंजिनिअर. ऑगस्ट म्हणजे तिथे खजुराचा ऐन हंगाम, पहाटेपासून ट्रकांच्या रांगा. आंब्याच्या दिवसांत देवगडच्या माणसानं सुट्टी मागावी तशातला प्रकार. त्यामुळे नोकरी लागल्यापासून तो एकाही पुनवेला गावी गेलेला नव्हता.

"दर्याक वाटात, ह्या घरात आता कोण रवलाच नाय," सासूबाई म्हणायच्या. चेष्टेत नव्हे. त्यांना खरोखर तशी भीती वाटायची.

मी म्हटलं, "मग या वर्षी तुम्हीच सोडा. इथे कोण बघतंय?"

"दर्यो बघता मां," त्या म्हणाल्या आणि उठून गेल्या. 

नवऱ्यानं आपल्या साहेबाला विचारलं. साहेब इंग्रज, कंपनीच्या मुख्य ऑफिसात, थेट पूर्व किनाऱ्यावर. माणूस मोठा सज्जन. म्हणाला, गुरुवार-शुक्रवारची सुट्टी आहेच, वर एक दिवस घे आणि आईला घेऊन आमच्या कंपाउंडमध्ये ये. आमचा स्वतःचा बीच आहे, गेस्टहाउस रिकामंच पडलंय, आणि माझीही आई आलेली आहे. त्या वर्षी पुनव नेमकी गुरुवारी होती. सासूबाईंना सांगितलं तर त्यांनी आधी विश्वासच ठेवला नाही. मग लगेच उठून सोनेरी कागद शोधायला लागल्या. तो मिळाला खजुराच्या भारीतल्या खोक्यात. नारळ केरळ्याच्या दुकानातून आणले, तीन. मी म्हटलं एक पुरे की. "आसांदे," म्हणाल्या. दोन फोडून नारळीभाताला आणि एक दर्याला. त्यांचा हिशोब पक्का होता.

प्रवासाचं काय सांगू! सासूबाई अबाया घालून पुढच्या सीटवर, मी मागे डबे सांभाळत. अबाया त्यांना भलताच आवडला होता. "लुगड्याक धूळ लागणा नाय," असं म्हणून त्या तो घरातल्या घरातही घालायच्या. रियाध ओलांडल्यावर त्यांनी काच खाली केली आणि नाक बाहेर काढून वास घ्यायला लागल्या. एसी वाया, आम्ही भाजून निघालोय, आणि या बाईचं नाक खिडकीत! कितीदा सांगितलं, आई, अजून लांब आहे. शेवटी एका ठिकाणी त्या म्हणाल्या, "इलो." आम्हाला तर काही दिसेना. पुढचं वळण घेतलं आणि खरंच, एक निळी रेघ.

कंपाउंडच्या फाटकावर इकामे म्हणजे आमचे राहण्याचे परवाने, पासपोर्ट, गाडीखाली आरसे, सगळं झालं. आतला आडवा दांडा वर गेला आणि आम्ही सौदीतून उठून दुसरीकडेच कुठेतरी गेलो. मी विलायत पाहिलेली नाही, पण इंग्रजांनी आपल्या समुद्रकाठच्या गावाची आठवण काढत काढत ते बांधलेलं आहे हे कुणालाही कळलं असतं. बुटक्या पांढऱ्या कुंपणांची घरं. दारांवर टांगलेल्या कुंड्या, त्यात त्या उन्हातही टिकून राहिलेली फुलं. कोपऱ्यावर लाल टपालपेटी, तीही नुसती शोभेची. समुद्राच्या कडेनं फरसबंद रस्ता आणि त्यावर ओळीनं बाकडी, सगळी पाण्याकडे तोंड करून. शांतता तर अशी, की आमच्या गाडीचं दार लावल्याचा आवाज झाला तर मलाच लाज वाटली. समोरून एक म्हातारं जोडपं कुत्र्याला घेऊन आलं. ती दोघं हळूच हसली, हळूच गुड आफ्टरनून म्हणाली आणि हळूच गेली. कुत्रासुद्धा भुंकला नाही.

सासूबाईंनी विचारलं, "कोण गेला काय गो हंय?"

"नाही हो आई, हे असेच राहतात."

त्यांनी समुद्र बघितला. दोन्ही बाजूंनी दगडांचे बांध घालून कुशीत घेतलेला, हिरवट निळा, गुळगुळीत. लाटा येत होत्या, पण पाय पुसून आत यावं तशा. सासूबाईंचा चेहरा पडला. "ह्याचो आवाज खंय हा?" त्या म्हणाल्या. तरी त्यांनी हात जोडले. मग अबाया काढून घडी घालून माझ्या हातात दिला, पदर खोचला आणि घोट्यापर्यंत पाण्यात जाऊन उभ्या राहिल्या. पाणी तळहातावर घेऊन चाटलं. "खारट आसा," असं सर्टिफिकेट दिलं आणि तोंडभर हसल्या. बुरैद्याला आल्यापासून त्या अशा हसल्या नव्हत्या. मला एकदम भरून आलं आणि मी उगाचच नवऱ्यावर ओरडले की डबे गाडीतच राहिलेत म्हणून.

चार वाजता साहेबाच्या आईनं चहाला बोलावलं. उंच, काटक बाई, पांढरे केस, ओठांना लालभडक लिपस्टिक आणि डोक्याला सूपभर हॅट. सौदीतल्या ऑगस्टमध्ये साहेबाची बायको मुलांना घेऊन मायदेशी पळालेली आणि ही म्हातारी उलट इकडे आलेली! उन्हाची हौस. तिच्या गावी म्हणे ऊन पडलं की लोक कामं टाकून बघायला येतात. तिचं गाव इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं, लहानसं, निवृत्त माणसांचं. हे कंपाउंड हुबेहूब तसंच आहे, फक्त आमच्याकडे स्वेटर लागतो, असं ती म्हणाली. चहाबरोबर जाडजूड पावासारखं काहीतरी होतं, वर साय आणि जॅम. सासूबाईंनी ते शिळ्या घावनावर लोणी लावल्यासारखं आहे असा शेरा मारून दोन खाल्ले.

मी मधे बसून भाषांतर करत होते. माझं इंग्रजी सांगलीच्या शाळेतलं, पण दोन म्हाताऱ्यांच्या गप्पांना लागतं तरी किती? म्हातारी म्हणाली, आमच्या समुद्रकाठच्या रस्त्यावर शंभर बाकडी असतील, प्रत्येकावर पितळेची छोटी पट्टी. गेलेल्या माणसाच्या नावानं घरचे लोक बाकडं बसवतात. माझ्या नवऱ्याचंही आहे. रोज सकाळी मी समुद्रात पोहते आणि मग थर्मासमधला चहा घेऊन त्याच्या बाकड्यावर बसते. सगळ्यांत पुढची जागा आहे, भरतीला तुषार अंगावर येतात.

मी हे मराठीत सांगितलं. सासूबाईंनी कप खाली ठेवला. मग हळूच म्हणाल्या, "घोव गेल्यावर ही पुढे बसता?"

"हो."

"आणि हिका कोण काय बोलणा नाय?"

हे मात्र मी भाषांतर केलं नाही.

उन्हं कलली तशी आम्ही गेस्टहाउसच्या खोलीत ताट केलं. हळद-कुंकू मी वाहिलं, निरांजन नवऱ्यानं ओवाळलं. हे सगळं दार लावून, कारण त्या देशात आपला देव आपल्या खोलीतच बरा. सोनेरी कागदातला नारळ पिशवीत घालून बीचवर गेलो. फिरायला आलेली चार माणसं लांब बसली होती, आणि साहेबाची आई फुलाफुलांची टोपी घालून पाण्यात डुंबत होती. नवरा कमरेइतक्या पाण्यात गेला. सासूबाई सवयीनं मागे सरकल्या. तिथे सुरूची झाडं नव्हती, म्हणून त्या एका बाकड्याच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. बाकडं रिकामं होतं, तरी मागे!

नवऱ्यानं डोळे मिटले, पुटपुटला आणि नारळ सोडला. झालं. इतक्या वर्षांचं मागणं पुरं झालं म्हणून मी सासूबाईंकडे बघितलं, त्यांनी डोळ्यांना पदर लावलेला. मला काय बरं वाटलं!

आम्ही वळून चार पावलं आलो असू, मागून हाक. साहेबाची आई एका हातानं पोहत, दुसऱ्या हातात सोनेरी नारळ उंच धरून किनाऱ्याला येत होती. "तुमचं हे पाण्यात पडलं होतं!" ती म्हणाली. आणि आमचा इंजिनिअर, इतका शिकलेला, काय म्हणाला असेल? "थँक यू सो मच." म्हणाला आणि नारळ घेतला! सवय हो, दुसरं काय. साहेबाच्या आईनं काही दिलं की थँक यू.

"अहो, घेतला काय तुम्ही?" मी कपाळावर हात मारला.

"मग काय म्हणू? नको म्हणू?"

सासूबाईंचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांच्या गावी खाडीच्या तोंडाशी पाण्याला अशी ओढ असते, की नारळ टाकला की गेलाच. परत आलेला नारळ त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. "दर्यान नको म्हटल्यान," त्या म्हणाल्या. "इतकी वर्सां माझो झील इलो नाय. आता दर्योच नको म्हणता."

"दर्यानं नाही आई, त्या बाईनं आणला," मी म्हटलं, पण त्यांना ते पटेना. नवरा चिडला. दगडांच्या बांधावर थेट टोकापर्यंत गेला, क्रिकेटमध्ये बाउंडरीवरून फेकतात तसा नारळ भिरकावला. गेला बऱ्यापैकी लांब. पण नेम चुकून आतल्या बाजूला. ते पाणी म्हणजे बांधांमध्ये कोंडलेली परात, वारा किनाऱ्याकडे. आम्ही तिघंही उभे राहून बघत होतो. नारळ डुलत डुलत, चकाकत, अगदी फिरायला निघाल्यासारखा परत आला.

तोवर म्हातारी टॉवेल गुंडाळून बाकड्यावर बसली होती. तिनं बघितलं, 'हे लोक किती धांदरट' असं बहुधा मनात म्हटलं आणि पुन्हा पाण्यात शिरून नारळ उचलून आणला. सगळ्यांत जवळ कोण होतं? बाकड्यामागे उभ्या असलेल्या सासूबाई. तिनं तो सरळ त्यांच्या दोन्ही हातांत ठेवला.

सासूबाई जागच्या जागी थिजल्या. "गो, माझ्या हातात कित्याक दिल्यान हिना? घी, घी तू." पण मी घेतला नाही. देवाशप्पथ सांगते, ठरवून नव्हे. माझे हातच पुढे झाले नाहीत.

मग मी म्हातारीला नीट सांगितलं. की हा पडला नव्हता, समुद्राला दिला होता. आमच्या गावची रीत आहे, आज त्याचाच दिवस आहे. ती आधी लाजेनं लाल झाली. चार-चारदा सॉरी म्हणाली. मग बांधापलीकडे बोट दाखवून म्हणाली, "पण मग इथून कसा जाईल? तिकडे, हद्दीच्या खुणेला तरंगत ठेवलेल्या त्या लाल डब्यांपलीकडे, खऱ्या समुद्रात द्यायला हवा." आणि वाळूवर ठेवलेल्या पायडलच्या होडीकडे निघाली. ती होडी फक्त दोघांची. नवरा पुढे झाला तर तिनं त्याला हातानंच बाजूला केलं. "तू नाही. ज्यांच्या हातात आहे त्या."

"माका नको!" सासूबाई ओरडल्या. त्या शांत गावात तो पहिला मोठा आवाज असावा. लांबची चार माणसं वळून बघायला लागली. "झिला, सांग तिका. माझ्या हातान चलाचा नाय. दर्यो बघता!"

नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. मग तो गुडघ्यांवर बसला, आईच्या पायांतल्या चपला काढल्या आणि म्हणाला, "आये, दोनदा माझ्या हातून नको म्हटल्यान. तिसऱ्यांदा तरी तेचा ऐक."

सासूबाई पुढे झाल्या. नारळ पोटाशी धरून होडीत बसल्या. होडीवाल्या घरात जन्म काढला, पण मासेमारीच्या होडीत बायकांनी पाय ठेवायचा नाही म्हणून त्या कधी होडीत बसलेल्या नव्हत्या. आणि आता बसल्या त्या सायकलसारखे पाय मारायच्या होडीत, शेजारी लिपस्टिकवाली मडम. सुरुवातीला म्हातारी एकटीच पायडल मारत होती, तर होडी गोल गोल फिरायला लागली. तिनं सासूबाईंच्या गुडघ्यावर थाप मारून पायांकडे खूण केली. आणि आमच्या सासूबाई लुगडं गुडघ्यापर्यंत ओढून पायडल मारायला लागल्या! मी हसू की रडू अशी झाले, आणि मग दोन्ही केलं. नवरा तर वाळूत बसूनच हसत होता, डोळे पुसत होता.

लाल डब्यांपलीकडे होडी थांबली. एवढ्या लांबून ऐकू काही आलं नाही. सासूबाईंनी नारळ कपाळाला लावलेला दिसला. मग त्या वाकल्या. फेकला नाही, बाळाला आंघोळीच्या पाण्यात सोडावं तसा दोन्ही हातांनी हळूच ठेवला. सोनेरी ठिपका थोडा वेळ दिसला.  ठिपका आमच्याकडे यायला लागला तर, ही भीती. पण तिथल्या पाण्याच्या ओढीनं तो बाहेरच्या बाजूला सरकत सरकत गेला आणि दिसेनासा झाला.

परत आल्या तेव्हा दोघींची पातळं ओलीचिंब. म्हणजे एकीचं पातळ, दुसरीचा टॉवेल. सासूबाईंना उतरवायला हात दिला तर म्हणाल्या, "थांब." समुद्राकडे वळून बराच वेळ बघत राहिल्या. नारळ येतोय का, तेच बघत होत्या. आला नाही.

"घेतल्यान गो," त्या म्हणाल्या. मग बाकड्याला वळसा घालून पुढे आल्या आणि त्यावर बसल्या, मडमच्या शेजारी. नारळीभाताचा डबा तिथेच उघडला. मडमनं बोटांनी खाल्ला.

पुढच्या वर्षी नवऱ्याला खजुरानं सोडलं नाही, पण मी सुट्टीत गावी होते. पुनवेच्या संध्याकाळी ढोल वाजत अख्खा गाव किनाऱ्यावर आला. मी सवयीनं सुरूच्या झाडांकडे बघितलं, तर सासूबाई तिथे नव्हत्या. त्या आमच्या घराचा नारळ हातात घेऊन गर्दीतून पुढे चालल्या होत्या. पुतण्या गोंधळून बाजूला झाला. बायका कुजबुजायला लागल्या. एक वयस्क चुलत सासरे आडवे आले आणि म्हणाले, "गो, तुझ्या घरातलो पुरुष खंय? हेका विचारलंस कोणाक?"

सासूबाई थांबल्यासुद्धा नाहीत.

"दर्याक विचारून इलंय," त्या म्हणाल्या आणि पाण्यात शिरल्या.